आतला दिवा, वरची काच

दिवाळी जवळ आली की आपल्या मध्यमवर्गीय घरांत रंगाचा विषय निघतो तो बहुधा भिंतींच्या निमित्ताने. दिवाणखान्याला यंदा मोतिया की पिस्ता, यावर घरात दोन पक्ष पडतात, रंगारी तिसराच रंग लावून जातो आणि पाडव्यापर्यंत तोच सर्वांना आवडूही लागतो. भिंतीचे एक बरे असते. रंग फसला तर चार वर्षांनी पुन्हा काढता येतो. त्याच भिंतीवर टांगायच्या तैलचित्राला मात्र ही सवलत नाही. ते एकदा झाले की तुमच्या नातवंडा-पतवंडांनी पाहायचे असते. आणि त्यांना ते कसे दिसेल, हे पुष्कळसे तुम्ही रंगाच्या दुकानात काय उचललेत यावर आधीच ठरून गेलेले असते.

या सदराकडे वर्षभर पत्रे येतात. त्यांतले एक मी दिवाळी अंकासाठी राखून ठेवले होते. लिहिणारे गृहस्थ निवृत्त आहेत, पुण्यात राहतात, तरुणपणी चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी निवर्तल्या. नात आता पाच वर्षांची आहे आणि तिला आजी आठवत नाही. एका जुन्या छायाचित्रावरून पत्नीचे तैलचित्र स्वतःच्या हाताने करावे, तेही जुन्या पद्धतीने, म्हणजे आधी सबंध चित्र करड्या रंगात आणि मग त्यावर पारदर्शक रंगांचे पातळ हात देऊन, असा त्यांचा मानस आहे. सामान काय घ्यावे, एवढाच त्यांचा प्रश्न. शेवटी लिहितात, “खर्चाची फारशी फिकीर नाही. पण हे चित्र मला दुसऱ्यांदा काढायला मिळेल असे धरून चालता येत नाही.”

त्यांना पत्राने उत्तर गेलेच आहे. परंतु हौशी मंडळींपैकी निदान काहींना तरी अशीच अडचण पडत असणार. म्हणून हा विषय जरा ऐसपैस घेतो.

आकाशकंदिलाचे गणित

या पद्धतीचे मर्म समजून घ्यायला युरोपात जावे लागत नाही. गॅलरीत टांगलेला आकाशकंदील पुरे. पतंगाचा पिवळा कागद लावलेल्या कंदिलावर लाल कागदाची पट्टी चिकटवली की ती पट्टी केशरी होऊन पेटल्यासारखी दिसते. तेच पिवळा आणि लाल हे दोन रंग वाटीत कालवून कागदावर फासले तर केशरी येतो खरा, पण तो मुकाट बसून राहतो. फरक कशाने पडला? पहिल्या प्रकारात उजेड दोन्ही कागदांतून गाळून डोळ्यांपर्यंत येतो.

चित्रात आत दिवा ठेवता येत नाही. तिथे दिव्याचे काम तळाचा पांढरा थर करतो. बाहेरचा उजेड वरच्या पारदर्शक रंगातून आत शिरतो, तळाच्या पांढऱ्यावर आपटतो आणि पुन्हा त्याच रंगातून बाहेर येतो. म्हणून या पद्धतीत दोन कामे वेगळी केलेली असतात. उजेड कुठे, सावली कुठे, नाक किती वर आले, गाल कुठे वळला, हे सगळे आधी एकाच करड्या किंवा तपकिरी रंगात पुरे करायचे. याला इंग्रजीत अंडरपेंटिंग म्हणतात. आपण तळचित्र म्हणू. ते वाळले की त्यावर पारदर्शक रंगाचे काचेसारखे हात द्यायचे. हे ग्लेझ.

तळचित्र कसे दिसते हे पाहायचे असेल तर लिओनार्दोने १४८१ साली हाती घेतलेले आणि अर्धवट सोडलेले ‘मागींचे वंदन’ कुठल्याही ग्रंथालयातल्या कलाग्रंथात पाहा. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात ते आहे. रंग जवळजवळ नाहीत, पण तपकिरी छायेतून माणसे आणि घोडे उठून आलेले दिसतात. आणि ग्लेझ किती पातळ असावा? लिओनार्दोच्या सात चित्रांतले चेहरे, त्यांत ‘मोनालिसा’ही आली, क्ष-किरणांच्या साह्याने तपासल्याचा अहवाल २०१० साली प्रसिद्ध झाला. एकेक हात जेमतेम एक-दोन मायक्रोमीटर आणि सगळे हात मिळून तीस-चाळीस मायक्रोमीटर, असे त्यात आढळले. म्हणजे गालावरची सगळी सावली आपल्या डोक्याच्या केसाहूनही बारीक जाडीत मावलेली!

तैलरंग ही सर्वस्वी युरोपची देणगी, ही समजूतही आता टिकत नाही. अफगाणिस्तानात बामियानच्या लेण्यांतली काही बौद्ध भित्तिचित्रे सुकणाऱ्या तेलात रंगवलेली आहेत आणि ती सातव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास झालेली आहेत, हे २००८ साली जाहीर झाले. यान व्हॅन आइकच्या आधी सातएकशे वर्षे आपल्या शेजारी हे तंत्र नांदत होते. असो. इतिहास पुरे, सामानाकडे वळू. चित्र जसे तळातून वर येते, तसे आपणही तळातून वर जाऊ.

फळी की कापड

कॅनव्हास म्हटले की लोकांना कापड आठवते, आणि दुकानात तयार ताणलेले मिळते ते बहुतेक सुती असते. जवसाच्या झाडाच्या धाग्याचे कापड, म्हणजे लिनन, त्याहून ताठ आणि टिकाऊ. किंमतही अर्थात तशीच. गंमत पाहा, ज्याचे तेल रंगात पडते त्याच झाडाचे हे कापड. पण पातळ हातांच्या कामाला, आणि आपल्या हवेला, मी तिसरीच वस्तू सुचवीन : गुळगुळीत हार्डबोर्ड किंवा चांगल्या प्रतीची प्लायवुडची फळी.

कारण असे. पावसाळ्यात कापड हवेतला दमटपणा शोषते, उन्हाळ्यात सोडते. दर वर्षी ते ढिले पडते, ताणते. कोवळा रंग ही ओढाताण सोसतो, पण तेलाचा थर जुना होत जातो तसा कडक होतो आणि मग त्याला तडे जातात. फळी इतकी हलत नाही. शिवाय कापडाच्या विणीच्या खळग्यांत पातळ रंग साचतो आणि गालावर ठिपके दिसू लागतात. गुळगुळीत फळीवर तो सारखा पसरतो. हार्डबोर्ड दीड-दोन फुटांहून मोठा असेल तर मागे लाकडी पट्ट्या ठोकून घ्याव्या, नाहीतर तो वाकतो. प्लायवुडचा वरचा पापुद्रा कालांतराने बारीक भेगाळतो, म्हणून त्यावर आधी पातळ सुती कापड चिकटवून घेणे बरे. आणि फळी कुठलीही असो, पुढची बाजू, पाठ आणि चारही कडा बंद करायच्या. पाठ उघडी राहिली तर ओल तिकडून शिरते.

अस्तर

तेल कधीही नुसत्या कापडावर किंवा लाकडावर लावू नये. तेलाने कापड काही वर्षांत ठिसूळ होऊन कुजते. पूर्वी मध्ये सरसाचा हात देत. सरस दिसायला साधा, पण दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो आणि पावसाळ्यात त्याला बुरशीही आवडीने धरते. आपल्या कोकणपट्टीत तर तो टाळावाच. आता बाजारात ‘जेसो’ या नावाने ॲक्रिलिकचे पांढरे अस्तर मिळते. त्याचे तीन हात द्यावेत. एक उभा, एक आडवा, पुन्हा एक उभा. प्रत्येक हात वाळल्यावर बारीक पॉलिश कागदाने हलकेच घासावे, आणि शेवटच्या हातानंतर तीन दिवस तरी थांबावे.

एक नियम ध्यानात असू द्या. ॲक्रिलिकवर तेल चालते, तेलावर ॲक्रिलिक चालत नाही. तेलकट पाटीवर खडू उमटत नाही, त्यातलाच प्रकार.

हे अस्तर पांढरेशुभ्र आणि स्वच्छ असले पाहिजे. आपल्या कंदिलातला दिवा तो हाच. काही मंडळी भिंतीच्या रंगातला उरलेला डबा अस्तराला वापरतात. तो रंग भिंतीसाठी केलेला असतो, पन्नास वर्षांनी चित्राखाली तो कसा वागेल याची हमी कोणी घेतलेली नसते. इथे वाचवलेले चार पैसे फार महाग पडतात.

तळचित्राचे रंग

तळचित्राला तीन नळ्या पुरतात : एक पांढरा, एक तपकिरी आणि एक निळा. तपकिरीत ‘बर्न्ट अंबर’ घ्यावा. या मातीत मँगॅनीज असते आणि त्यामुळे तेल लवकर सुकते. पातळ थर एक-दोन दिवसांत हाताला लागेनासा होतो. त्यात अल्ट्रामरीन निळा मिसळला की थंड-गरम हवा तसा करडा मिळतो. काळ्या रंगाचा मोह टाळावा. ‘आयव्हरी ब्लॅक’ फार सावकाश सुकतो, आणि तळाचा थर सावकाश सुकणे हे पुढच्या सगळ्या दुखण्यांचे मूळ.

पांढऱ्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. जुने चित्रकार वापरीत तो शिशाचा सफेदा. लवकर सुकणारा, लवचीक, चिवट. गुणाने त्याच्या तोडीचा पांढरा अजून झालेला नाही. पण शिसे हे विष आहे, आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला तर फारच घातक. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपलीकडे असू नये, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. ज्या घरात पाच वर्षांची नात बागडते, तिथे सफेद्याची नळी आणूच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिले दोन. ‘झिंक व्हाइट’ दिसायला नाजूक आणि मोहक, पण त्याचा तेलातला थर काही वर्षांत ठिसूळ होतो आणि वरचे थर घेऊन सुटतो. तळाला तो नकोच. ‘टिटॅनियम व्हाइट’ हा निर्धोक. मात्र नळीची पाठ वाचावी. तिच्यावर रोमन लिपीत रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो : ‘पीडब्ल्यू ६’ म्हणजे टिटॅनियम, ‘पीडब्ल्यू ४’ म्हणजे झिंक. पुष्कळ नळ्यांवर नाव टिटॅनियमचे आणि पोटात दोन्ही, असे असते. टिटॅनियमचा एकच दोष, तो हळू सुकतो. त्यावर उपाय म्हणून अल्किड जातीच्या राळेत घोटलेला पांढरा मिळतो, तो एका दिवसात सुकतो. तळचित्रासाठी तोच घ्यावा.

आणखी एक गोष्ट, सामानाची नसली तरी सामान वाया जाऊ नये म्हणून सांगतो. तळचित्र तुम्हाला हवे त्याहून एक पायरी उजळ ठेवा. ग्लेझचा प्रत्येक हात चित्र थोडे काळवंडतो. उजळ कधीच करत नाही. तळचित्रातला चेहरा जरा फिकट, भुताटकीसारखा वाटला तर घाबरू नका. तो तसाच असायला हवा.

दगा देणारा लाल

आता वरच्या काचेकडे येऊ. या सगळ्या प्रकरणात खरा धोका कुठे असेल तर इथे. जाड रंगात एखादे द्रव्य थोडे उडाले तरी खाली पुष्कळ उरलेले असते. ग्लेझमध्ये मात्र रंग असतो नावापुरता, आणि तेवढाही उजेडाने उडाला तर खाली राहते ते करडे तळचित्र.

याची साक्ष मोठमोठ्यांची चित्रे देतात. हेग शहरातल्या माउरित्सहाइस संग्रहालयात व्हर्मेरची ‘मोत्याचे कर्णभूषण ल्यालेली मुलगी’ आहे, साधारण १६६५ची. तिची पार्श्वभूमी आज काळी दिसते आणि आपण त्या काळेपणाचे कौतुकही करतो. ते चित्र कसून तपासले, तेव्हा कळले की तो काळेपणा मुळातला नव्हे. काळसर तळावर नीळ आणि एका वनस्पतीचा पिवळा मिसळून हिरवा ग्लेझ दिलेला होता. २०२० साली जाहीर झालेल्या निष्कर्षांप्रमाणे मुलीच्या मागे हिरवा पडदाच होता. दोन्ही रंग वनस्पतींचे. काळाच्या ओघात त्यांचा हिरवेपणा गेला आणि पडदाही गेला. तिच्या डोईच्या निळ्या वस्त्रातला अल्ट्रामरीन मात्र खनिज, अफगाणिस्तानातल्या लाजवर्दाचा. तो अजून बोलतो आहे.

दुसरी साक्ष सर जोशुआ रेनॉल्ड्सची. अठराव्या शतकातला लंडनचा हा नामांकित व्यक्तिचित्रकार, १७९२ साली वारला. गालांवरच्या लालीसाठी त्याने किड्यांपासून काढलेला कारमाइन वापरला. तो इतका लवकर उडाला की त्याच्या हयातीतच त्याने रंगवलेल्या सुंदर स्त्रियांचे चेहरे पांढरेफटक पडू लागले. होरेस वॉलपोलने तर सुचवले की रेनॉल्ड्सला एकरकमी पैसे न देता चित्र टिकेल तोवर वर्षासन द्यावे! तिसरी साक्ष व्हॅन गॉगची. १८८८ साली त्याने आपली शयनाची खोली रंगवली, तिच्या भिंती जांभळट होत्या. त्यातला लाल उडाला आणि आज आपण निळ्या भिंती पाहतो.

तिन्ही साक्षींत फसवणारे रंग वनस्पती, किडे किंवा कच्च्या कृत्रिम रंगापासून केलेले होते. आपल्या मंजिष्ठाच्या आणि लाखेच्या लालांचीही जात तीच. आणि आजच्या दुकानात या जातीचा सर्वांत लोकप्रिय वारस म्हणजे ‘अलिझरिन क्रिमझन’. मंजिष्ठाच्याच कुळातल्या मुळीचा हा रंग १८६८ साली जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाला. रंगाने खोल, पारदर्शक, ग्लेझसाठी जणू घडवलेला. आणि पातळ लावला तर खात्रीने उडणारा. त्याचा क्रमांक ‘पीआर ८३’. हा आकडा दिसला की नळी परत ठेवावी. त्याच्या जागी ‘क्विनाक्रिडोन’ कुळातला गुलाबी घ्यावा, क्रमांक ‘पीव्ही १९’. तितकाच पारदर्शक आणि उजेडाला पक्का. पुण्याच्या गृहस्थांना मी आधी हेच लिहिले. गालाची लाली आणि कपाळावरचे कुंकू यांत ‘पीआर ८३’ नको. नात मोठी होईतो आजीचे कुंकू पुसट झालेले असेल.

नळीवर आणखी दोन खुणा पाहायच्या. एक छोटा चौकोन असतो. तो पोकळ असेल तर रंग पारदर्शक, अर्धा भरलेला असेल तर अर्धपारदर्शक, पूर्ण भरलेला असेल तर अपारदर्शक. ग्लेझला पोकळ चौकोनच हवा. दुसरी खूण उजेडाला टिकण्याची. अमेरिकेतल्या एएसटीएम या मानक संस्थेच्या श्रेणीत १ आणि २ उत्तम, ३ पासून पुढे धोका. आणि नावापुढे ‘ह्यू’ असा शब्द दिसला तर समजावे की मूळ द्रव्य नाही, त्याचा स्वस्त सोंगाड्या आहे. विद्यार्थ्यांसाठीच्या रंगांत पूडभरती अधिक असते. सरावाला ते छान, ग्लेझला नव्हेत, कारण भरतीने काच गढूळ होते.

व्यक्तिचित्राला एवढ्या नळ्या पुरेत : झटपट सुकणारा टिटॅनियम पांढरा, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन (‘पीबी २९’), पारदर्शक तांबडा ऑक्साइड (‘पीआर १०१’), पारदर्शक पिवळा ऑक्साइड (‘पीवाय ४२’), वर सांगितलेला गुलाबी, आणि हिरव्या साडीसाठी विरिडियन (‘पीजी १८’). सात झाल्या. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेचा तर निम्मा रंग त्या तांबड्या आणि पिवळ्या ऑक्साइडांत आहे. ‘पीआर १०१’ पारदर्शक आणि अपारदर्शक दोन्ही प्रकारांत येतो, तेव्हा चौकोन पाहूनच घ्यावा. अल्ट्रामरीन महाग असेल ही भीती नको. एके काळी तो सोन्याच्या तोलाने विकला जाई. १८२८ साली गिमे नावाच्या फ्रेंच माणसाने तो कृत्रिमरीत्या करण्याचे बक्षीस जिंकले आणि तो इतका स्वस्त झाला की आपल्या आज्यांनी पांढऱ्या धोतरांना दिलेल्या निळीच्या पुडीतही पुष्कळदा तोच असे.

तेल : चटणीचे आणि चित्राचे

तैलरंग वाळतो, पण टॉवेलसारखा नव्हे. टॉवेलातले पाणी उडून जाते. तेल कुठेही जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेते आणि हळूहळू घट्ट पापुद्रा होते. सर्व तेलांना हे साधत नाही. खोबरेल आणि शेंगदाण्याचे तेल जन्मभर ओलेच राहते, तिळाचे धड ना इकडे ना तिकडे. जवसाचे, अक्रोडाचे, खसखशीचे आणि करडईचे तेल सुकते. त्यातही जवसाचे सर्वांत चिवट. विदर्भात ज्याची चटणी भाकरीबरोबर खातात तोच हा जवस. म्हणून कोणी स्वयंपाकघरातली बाटली उचलू नये. चित्रकलेसाठी शुद्ध केलेले तेल वेगळे मिळते. हार्डवेअरच्या दुकानातले ‘डबल बॉइल्ड’ दारे-खिडक्यांसाठी ठीक, चित्रात ते काळे-पिवळे पडते.

ग्लेझसाठी ‘स्टँड ऑइल’ घ्यावे. हवा न लागू देता तापवून दाट केलेले हे जवसाचेच तेल. ते कमी पिवळे पडते, आणि कुंचल्याच्या रेघा आपोआप बसून पृष्ठभाग काचेसारखा होतो. पातळ करायला चिडाच्या झाडापासून काढलेले खरे टर्पेंटाइन. हार्डवेअरमध्ये त्याच नावाने मिळणारे बहुधा खनिज तेलाचे असते. कुंचले धुवायला ते चालेल. रॉकेल मात्र कशालाही नको.

जुन्या पुस्तकांत या मिश्रणात डमार नावाची राळ घालायला सांगितलेली आढळेल. राळेने झकाक येते खरी, पण ती पुढे पिवळी आणि ठिसूळ होते. आणि पन्नास वर्षांनी कोणी चित्र साफ करू गेला तर जुन्या वार्निशाबरोबर तुमचा ग्लेझही पुसून निघतो. म्हणून राळ नको. घाई असेल तर अल्किडचे तयार माध्यम घ्यावे, एका दिवसात हात सुकतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचा नियम : कमी तेलाचा थर खाली, जास्त तेलाचा वर. दुधावर साय धरते, पण खाली दूध हलतेच असते. सायीवर काही ठेवले तर ती सुरकुतते, फाटते. खाली तेलकट आणि वर रुक्ष थर दिला की चित्राचे तेच होते. यासाठी तळचित्राला फक्त थोडे टर्पेंटाइन. पहिल्या ग्लेझला एक भाग स्टँड ऑइल आणि तीन भाग टर्पेंटाइन, पुढच्याला एकास दोन, शेवटच्याला एकास एक. आणि माध्यम चमच्याने नव्हे, थेंबाने घालायचे. फोडणीत तेल जास्त झाले तर भाजी वरून काढता येते, चित्रातून तेल काढता येत नाही.

कुंचले आणि चिंध्या

तळचित्राला डुकराच्या राठ केसांचे दोन चपटे कुंचले, ग्लेझला मऊ कृत्रिम केसांचे दोन-तीन. ‘मुंगसाचे केस’ असे सांगून कोणी कुंचला दाखवला तर घेऊ नका. मुंगसाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. एका कुंचल्यापायी किती मुके प्राणी मरतात याचा विचार दिवाळीच्या दिवसांत तरी व्हावा.

ग्लेझ पुसून घ्यायला जुन्या सुती धोतराच्या किंवा साडीच्या चिंध्यांसारखे साधन नाही. पण येथे कान देऊन ऐका. जवसाच्या तेलाच्या चिंध्या चोळामोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर तेल सुकताना निघणारी ऊष्णता आतल्या आत साठते, आणि काडी न लावता त्या पेट घेतात. ही दंतकथा नव्हे; अशा आगी लागतात. चिंध्या एकेक सुट्या करून मोकळ्या हवेत वाळवाव्या, किंवा पाणी घातलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवाव्या. घरात पणत्या आणि अंगणात फुलबाज्या असताना तर ही दक्षता दुप्पट. काम खिडकीजवळ, स्वयंपाकघरापासून दूर, आणि कुंचल्याचे टोक ओठांनी कधीही नीट करायचे नाही.

मुहूर्त

मुंबईत सर ज. जी. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली, तेव्हापासून तैलरंगाचे शिक्षण आपल्याकडे रुजले. पण पुस्तके पुष्कळशी थंड, कोरड्या देशांची वाचली गेली. आपले पंचांग वेगळे आहे. आषाढ-श्रावणात तेल सुकता सुकत नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी होते आणि होळीपर्यंत तशीच राहते. तैलचित्राचा आपला हंगाम हाच. कार्तिकात फळी आणि अस्तर, मार्गशीर्षात तळचित्र. पौषभर ते उजेडाच्या खोलीत वाळू द्यावे, कपाटात नव्हे. अंधारात जवसाचे तेल पिवळे पडते. नखाने हलके दाबून खूण उमटली नाही की माघात ग्लेझ सुरू करावा. दर हातामध्ये आठवडाभर तरी जाऊ द्यावा. फाल्गुनात चित्र पुरे होईल. वार्निश मात्र त्याच वर्षी नको; पुढची दिवाळी येऊ द्यावी.

आणि टांगताना बाहेरच्या, पावसाने भिजणाऱ्या भिंतीवर टांगू नये. मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की हवा खेळती राहते. चौकटीच्या पाठीवर पेन्सिलीने एक चिठ्ठी लिहून डकवावी : कोणाचे चित्र, कोणी काढले, कोणते साल, कोणते रंग आणि कोणते तेल. पुढे कधी दुरुस्तीची वेळ आली तर दुरुस्त करणारा तुम्हाला दुवा देईल. आणि घरातल्या मुलांना चित्रातली बाई कोण, हे विचारायला कोणी मोठे माणूस उरले नसेल, तेव्हा ती चिठ्ठीच सांगेल.